बर्फ पाहून लावलेली रिळं

घंटेच्या गोष्टीवर तीन चित्रपट निघाले. तिन्ही आमच्या थिएटरात लागले आणि तिन्ही मीच दाखवले. त्यांतला पहिला सगळ्यांत चांगला, हे आमच्या गावात कधीच ठरून गेलं होतं. ठरवलं माझ्या ताईनं. ती तिकिटाच्या खिडकीत बसायची, आणि खिडकीतून जे मत मिळायचं ते तिकिटाबरोबर लोकांच्या घरी जायचं.

गोष्ट नाताळची आहे. एक कारागीर नाताळात वाजवायला म्हणून चर्चसाठी मोठी घंटा ओततो. निवताना घंटेला तडा जातो. तरी ती टांगतात, पण आवाज बसका येतो आणि सगळं गाव त्याला हसतं. तो राग तो बायकोवर काढतो आणि एक दिवस घर सोडून निघून जातो. लांब शहरात, दुसऱ्याच्या भट्टीवर राबतो. मागे गावकरी घंटा वितळवायला निघतात, तर बायको घंटाघराच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसते. वर्षानं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तो परत येतो. लांबून तोच बसका आवाज ऐकू येतो. घरात येतो, ताटावर बसतो. पुस्तकात गोष्ट इथं संपते.

दुसरा चित्रपट बोलका. त्यात घंटा ऐकू येते आणि तिथंच तो फसतो. ताटावर पळी आपटावी तसा आवाज. लोकांनी त्या कारागिराला हसायचं, तर लोक चित्रपटालाच हसायचे. तिसरा रंगीत. त्यातला बर्फ पिंजलेल्या कापसासारखा, नायकाच्या कोटाला एक कण चिकटत नाही. आणि घंटा इतकी गोड की ताई म्हणायची, "एवढी चांगली ओतली होती तर मेला घर सोडून गेलाच कशाला?" पहिला मुका. त्यात घंटा नुसती हलते. ज्याच्या त्याच्या कानात ज्याची त्याची घंटा वाजते.

पण खरा फरक शेवटात होता. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तो परत येतो, बायको रडते, तो रडतो, मंडळी उठतात आणि घरी जातात. पहिल्यात तो परत येतो, जेवतो, शेकोटीपाशी बसतो, आणि मग पुन्हा भांडण होतं. तो पिशवी भरतो. ती दारात आडवी उभी राहते. तो तिला बाजूला करतो आणि गुडघाभर बर्फात निघून जातो. दार उघडंच. पावलांचे खड्डे दिसत राहतात, आणि मग पडदा पांढरा.

गावातले लोक सुन्न होऊन बाहेर पडायचे. समोरच्या सलूनवाल्याचं त्यावर पक्कं मत होतं. "येताना दाढी आहे, जाताना नाही, हे कुणी बघितलं का? घरी येऊन त्यानं दाढी केली. गरम पाणी मिळालं, पोट भरलं, की माणूस पुन्हा निघायला मोकळा." शाळेतले गुरुजी म्हणायचे, "गावाचं हसणं त्याच्या कानातून गेलेलं नव्हतं, म्हणून गेला." ताई एवढंच म्हणायची, "जाणारा असतो तो जातो. बाकीच्या दोघांनी लोकांना बरं वाटावं म्हणून गोड केलंय. हा एकटा खरं बोलतो."

ताईच्या तोंडून ते आलं की पुढे कुणी बोलत नसे. कारण सगळ्यांना पेंटर माहीत होता.

पेंटर म्हणजे माझे मेहुणे. थिएटरच्या दारावरचे मोठे बोर्ड ते रंगवायचे. हात चांगला होता, पण एक खोड होती. नायक असो, नायिका असो, दरोडेखोर असो, नाक ताईचं यायचं. लग्नानंतर जास्तच यायला लागलं. लोक बोर्डाखाली उभे राहून खिडकीकडे बघायचे आणि हसायचे. ताईही हसायची. मालक हसला नाही. त्यानं शहरातून छापील बोर्ड मागवायला सुरुवात केली आणि पेंटरच्या हातात कुंपणं रंगवायचं काम उरलं. घरात कुरबुर सुरू झाली. एका सकाळी त्यांनी ब्रश गुंडाळले आणि गेले. तीन वर्षं पत्ता नव्हता.

ते परत आले त्या आठवड्यात पहिला चित्रपट आमच्याकडे नव्यानंच लागला होता. मी वर केबिनमध्ये होतो, मला काही दिसलं नाही. जे कळलं ते ताईनं सांगितलेलं. चव्वेचाळीस वर्षं मी ते तिच्याच शब्दांत ऐकत आलो. "आदल्या दिवशीच मी शेवटचं रीळ बघितलं होतं. परत आलेला माणूस म्हणजे काय ते मला कळून चुकलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी खिडकीत हा उभा. मी विचारलं, बाल्कनी की खाली? खाली म्हणाला. तिकीट दिलं आणि खिडकी लावून घेतली. संपलं."

मेहुणे पुन्हा गावात आले नाहीत. कुठल्याशा बंदरात जहाजांना रंग द्यायचे म्हणे. नऊ वर्षांपूर्वी तिकडेच वारले. त्यांच्या पुतण्यानं कळवलं तेव्हा ताईनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बरं झालं मी तेव्हा खिडकी लावली. नाहीतर पुन्हा एकदा जाताना बघावं लागलं असतं."

माझी बायको गेल्यापासून मी आणि ताई थिएटरच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. ती ब्याऐंशीची, मी पंचाहत्तरचा. तिचं काळीज आता धड चालत नाही, पायांना सूज असते, चार पायऱ्या चढली की भिंतीला धरून उभी राहते. तोंड मात्र शाबूत.

मला अक्षरं तिनंच शिकवली, नोकरी सुटल्यावर. त्याआधी ती किती वेळा म्हणाली असेल, पण मला गरज वाटली नव्हती. आकडे यायचे, मशीन यायचं, पगाराला अंगठा चालायचा. घरी बसल्यावर वेळ खायला उठला. तेव्हा ती म्हणाली, "ये धाकट्या, बस. नाहीतर दिवसभर माझं डोकं खाशील." अर्ध्या वर्षात मी पाट्या वाचायला लागलो. मग औषधांच्या बाटल्या, मग दुकानाच्या पिशव्या, मग वर्तमानपत्र. अजून बोट ठेवून वाचतो, पण वाचतो.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला कॉलेजातली एक तरुण बाई आमच्या दारात आली. चित्रपट शिकवायची. घंटेच्या गोष्टीवरच्या तीन चित्रपटांची तुलना करून लेख लिहीत होती. थिएटर आता शनिवार-रविवारच चालतं. मालकाच्या मुलाला विचारून तिनं नाताळच्या आठवड्यात तीन संध्याकाळी मागून घेतल्या होत्या. एकेक चित्रपट, मग त्यावर बोलणं. जुनं मशीन चालवणारा माणूस हवा होता, म्हणून मी.

"काका, पहिल्या चित्रपटाची प्रत तुमच्याशिवाय कुणाकडेच उरलेली नाही, माहीत आहे का?" ती म्हणाली. "तो पाहिलेली माणसंसुद्धा फक्त तुमच्या गावात आहेत. पुस्तकात तो परत येतो आणि राहतो. पुढच्या दोघांनीही तेच केलं. पहिल्यानं शेवट बदलला. त्या काळात एवढी हिंमत कुणी केली नव्हती. माझा सगळा लेख त्यावरच उभा आहे."

"हिंमत कसली," ताई आतून म्हणाली. "खरं ते दाखवलं."

"आजी, हेच तुम्ही पडद्यासमोर उभं राहून सांगायचं. पहिल्या दिवशी, चित्रपट संपल्यावर."

ताईनं हो-नाही केलं, पण मला माहीत होतं, तिला ते हवं होतं. त्याच दुपारी तिनं कपाटातली चांगली साडी बाहेर काढून वाऱ्याला टाकली.

शोच्या तीन दिवस आधी मी केबिनमध्ये गेलो. रिळं तपासायची होती. जोड सुटले असतील, फिल्म वाळून ठिसूळ झाली असेल. पाच डबे. तिसऱ्याचं झाकण सैल होतं. ते खडखडू नये म्हणून कधीकाळी मीच कडेला एक कागदाची घडी खोचली होती. झाकण काढलं तशी ती खाली पडली. उचलून टाकून देणार, तर आत शाई दिसली. आता मला लिहिलेलं काही दिसलं की बोट आपोआप जातं. खिडकीपाशी जाऊन मी कागद उलगडला.

एक, घंटा ओततो. दोन, तडा, लोक हसतात. तीन, भांडण, घर सोडतो, खूप बर्फ. चार, शहर, भट्टी. पाच, घरी येतो, ताटावर बसतो. संपलं.

आमच्याआधी ही प्रत ज्याच्याकडे होती त्या कुणा ऑपरेटरनं ते लिहून ठेवलं होतं.

मी स्टुलावर बसलो. त्या दिवसाचं सगळं आठवलं. प्रत आली तेव्हा स्टेशनवरून येताना हातगाडी उलटली होती. झाकणं एकीकडे, डबे एकीकडे. आकडे झाकणांवर होते आणि रिळं डब्यांत. रिळांची सुरुवातीची आणि शेवटची टोकं आधीच झिजून तुटलेली. पडद्यावर मधे मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या परक्या भाषेत, गावात कुणालाच त्या वाचता येत नव्हत्या. आणि केबिनमध्ये माझ्याशिवाय कुणी येत नव्हतं, फिल्म पेट घेते म्हणून मालकाची सक्त मनाई होती. डब्यात हा कागद होता, तो मी बघितलाही होता. माझ्या लेखी तो कागद होता. झाकणाला उपयोगी पडला.

मग मी रिळं उजेडात धरून हातानं उलगडून बघितली. पहिली दोन लगेच कळली. उरली तीन. एकात शहर होतं, बर्फ नव्हता. एकात बर्फ विरळ, पायवाटेवर नुसता शिंतोडल्यासारखा. एकात गुडघाभर. मी विचार केला, बर्फ पडत जातो तसा साठत जातो. आधी थोडा, मग जास्त. त्या हिशेबानं लावली. तो गेला एका हिवाळ्यात आणि आला पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या हातांनी मी त्या कारागिराला घरी आणून पुन्हा बाहेर काढला, आणि नोकरी सुटेपर्यंत दर नाताळात काढत राहिलो.

सलूनवाल्याची दाढी आठवून मला हसू आलं. ते लगेच गेलं, कारण ताईची खिडकी आठवली.

दोन दिवस मी गप्प होतो. जेवताना ताई तिचं भाषण घोळवत होती. "सांगीन, की बाबांनो, बाकीचे दोन बघा, डोळे पुसा, पण विश्वास ठेवायचा तर याच्यावर. कसं वाटतं?"

"चांगलंय."

"मग तोंड असं का? दात दुखतोय?"

"नाही."

मला दोन वाटा दिसत होत्या. रिळं पूर्वीसारखी लावली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ताई बोलली असती, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, बाईचा लेख छापून आला असता. तिच्याकडे उरलेत किती दिवस, ते तिनं समाधानात काढले असते. पण मग मी ते जाणूनबुजून लावलं असतं. इतकी वर्षं चूक होती, आता तो खोटेपणा झाला असता. आणि तिच्याच शिकवण्यानं वाचलेलं तिच्यापासून लपवायचं, हे मला जड जात होतं.

शोच्या दिवशी दुपारी ती साडी नेसून खुर्चीत बसली होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिचे डोळे आता बारीक अक्षराला पुरत नाहीत. ती म्हणाली, "काय आहे? वाच."

मी वाचून दाखवलं. मग सांगितलं, हातगाडीपासून बर्फापर्यंत सगळं.

"म्हणजे तो येतो, आणि तिथंच संपतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"पुढे काही नाही."

"नाही. ताई, माझ्यामुळे तू खिडकी लावलीस. मला माफ..."

"मी खिडकी लावली नव्हती," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल.

"मी लावली नव्हती रे. लोकांना तसं सांगितलं. तुलाही सांगितलं. मी आदल्या दिवशी सिनेमा बघितलाच नव्हता, मला कुठली सवड? तो खिडकीत आला. हातात ती ब्रशची गुंडाळी. येऊ का म्हणाला. मी म्हटलं, सिनेमा बघून घे, नवीन आहे, तोवर माझी खिडकी बंद होईल, मग सोबत घरी जाऊ. तिकीट दिलं. पैसे घेतले नाहीत. मधल्या वेळात घरी पळत जाऊन चूल पेटवून आले, दुसरं ताट घासून ठेवलं. सुटायच्या वेळेला दाराशी येऊन उभी राहिले. एकेक जण डोळे पुसत बाहेर पडत होता. हा नाही. शेवटी डोअरकीपर म्हणाला, पेंटर मघाशीच गेला. पडद्यावर पावलं दिसायला लागली तशी उठला आणि गेला."

मी तिच्या पायांकडे बघत होतो. सुजलेल्या पायांत तिनं बळंच चपला घातल्या होत्या.

"दुसऱ्या दिवशी आत जाऊन मी बघितला," ती म्हणाली. "तेव्हा कळलं काय बघून उठला ते. मग मी मनाशी धरलं, की सिनेमानं त्याच्याच मनातलं दाखवलं. राहणारा नव्हताच तो. आज आला असता, चार दिवसांनी गेला असता. लाज वाटायची, म्हणून लोकांना म्हटलं मीच घालवला. पण हे मनाशी धरलेलं, त्याच्यावर मी दिवस काढले. कळलं? आणि तू आता सांगतोस, पुढे काही नव्हतंच म्हणून."

"मी आधीसारखीच लावतो रिळं," मी म्हणालो. "कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना."

बाहेर बाई खुर्च्या सरकवून घेत होती, तो आवाज भिंतीतून येत होता. मग ताई हात टेकून उठली.

"बरोबर लाव," ती म्हणाली. "त्यानं काय बघायला हवं होतं ते मला बघू दे."

संध्याकाळी हॉल अर्धा भरला. आमच्या गावासाठी ती गर्दीच. बाईनं ताईसाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची ठेवली होती. ताई तिथं बसली नाही. भिंतीला धरत खाली डाव्या बाजूला गेली, मागून चौथी रांग, कडेची जागा. मी केबिनच्या भोकातून बघत होतो. मेहुण्यांचं तिकीट तिनंच फाडलं होतं, त्यांची जागा तिला माहीत असणारच.

पहिलं रीळ झालं, दुसरं झालं. आमचं मशीन एकच, रीळ बदलताना दिवे लावावे लागतात. मी तिसरं लावलं. भांडण सुरू झालं तशी हॉलमध्ये चुळबुळ झाली. गुडघाभर बर्फ दिसला आणि सलूनवाल्याचा आवाज आला, "अरे ऑपरेटर, हे शेवटचं आहे. म्हातारपण आलं तुला." चारदोन जण हसले. मी थांबलो नाही. चौथं लावलं. मग पाचवं.

तो पायवाटेनं येतो. बर्फ विरळ. दाढी वाढलेली. लांब घंटाघरात घंटा हलते, आणि तो थांबतो. मी ते रीळ शेकडो वेळा दाखवलं असेल, पण पुढे काही नाही हे माहीत असून पहिल्यांदाच बघत होतो. तो दार ढकलतो. बायको वळून बघते. ती दुसरं ताट काढते, कमरेच्या फडक्यानं पुसते आणि त्याच्यापुढे ठेवते. तो बसतो. खिडकीतून घंटा हलताना दिसते. मग पडदा पांढरा.

कुणी उठलं नाही. लोक पुढच्या रिळाची वाट बघत होते. मी दिवे लावले तरी बसूनच. शेवटी गुरुजींच्या मुलानं विचारलं, "संपला?"

"संपला," मी वरून सांगितलं.

"हे काय? शेवट कुठंय?"

"रिळं उलटीपालटी केली त्यानं," सलूनवाला म्हणाला. "दाढी बघा की. जाताना साफ, येताना वाढलेली." एवढ्या वर्षांचं त्याचं मत त्याच्याच तोंडून खोडलं गेलं होतं.

बाई जिना चढून वर आली. मी तिला कागद दाखवला. तिनं तो दोनदा वाचला. चेहरा उतरला, पण मुलगी चांगली होती. म्हणाली, "काका, तुम्ही खरं केलंत, बरं केलंत. माझं काय, मी पुन्हा लिहीन." पेंटरचं मी तिला काही सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

खाली जाऊन तिनं लोकांना झाला प्रकार सांगितला आणि ताईकडे बघून म्हणाली, "आजी, तरी दोन शब्द बोला."

ताई जागेवरच उभी राहिली. पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

"मी आजवर सांगत आले, हा बाकीच्या दोघांसारखा नाही," ती म्हणाली. "तसं नाही. हाही तसाच आहे. माणूस घरी येतो आणि बसतो." एवढं बोलून ती खाली बसली. लोकांना वाटलं पुढे बोलेल, म्हणून टाळ्याही वाजल्या नाहीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. ताई आली नाही. दुसऱ्या चित्रपटातली घंटा वाजली तेव्हा यावेळी कुणी हसलं नाही. तिसऱ्याला माणसंच कमी होती.

घरी आम्ही बोलत होतो. गॅस संपला, गोळ्या आणायच्या, शेजारच्यांचा नळ गळतोय. ती माझ्यावर रागावली नाही. मी वाट बघत होतो, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. एकदा मीच म्हणालो, "ताई, मला तेव्हा वाचता आलं असतं तर..."

"तुला मी तेव्हाच बसवायला हवं होतं," ती म्हणाली. "दोन धपाटे घालून." मग पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती झोपली नव्हती. तिचा श्वास मला कळतो.

हिवाळा सरता सरता बाईनं लेख छापलेलं मासिक पाठवलं. आत आमच्या थिएटरचा फोटो होता, आणि मशीनपाशी उभा असलेला मी. ताईनं फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला, मासिक माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "वाच."

मी बोट ठेवून वाचत गेलो. बाईनं चांगलं लिहिलं होतं. तिन्ही चित्रपटांतला बर्फ कसा वेगळा, घंटेचा आवाज ऐकवावा की नुसता दाखवावा, तिसऱ्यातली गाणी कुठं नको होती. मग आमच्या गावाचं आलं. एका ऑपरेटरनं बर्फाच्या थरावरून रिळांचा क्रम लावला आणि चव्वेचाळीस वर्षं एक गाव स्वतःचाच चित्रपट जपत राहिलं, असं लिहिलं होतं. पुढची ओळ माझ्या डोळ्यांनी आधीच वाचली आणि मी थांबलो.

"का थांबलास?"

"शब्द अवघड आहे."

"अक्षरं लावून वाच. घाई नाही."

मी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं. "या चुकीनं," मी वाचलं, "कुणाचंही... नुकसान... झालं नाही."

ताई खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर थिएटरची मागची भिंत, दुसरं काही नाही.

"पुढे," ती म्हणाली.